रोग पायाला, रंधा दाराला

भाड्याच्या जुन्या इमारती खचतात, त्यांच्या भिंतींना तिरक्या भेगा जातात आणि अखेर एखाद्या आषाढात त्या रहिवाशांसह जमीनदोस्त होतात, याचा समग्र दोष त्यांत राहणाऱ्या कुळांच्या माथी मारणारी एक विचारसरणी आपल्या शहरांत गेली कित्येक वर्षे रूढ आहे. आणि ती घरमालकांच्या बैठकीपुरती मर्यादित न राहता वकिलांच्या कैफियतींतून, वर्तमानपत्रांच्या स्तंभांतून, इतकेच काय, दुर्घटनेनंतर ढिगाऱ्यापाशी जमलेल्या लोकांच्या तोंडूनही ऐकू येऊ लागली आहे, म्हणून तिचा सविस्तर परामर्श घेणे मला कर्तव्य वाटते.

पूर्वपक्ष प्रामाणिकपणे मांडावयाचा तर तो असा आहे. कूळ देते ते भाडे इतके अल्प, की त्यातून पायाची दुरुस्ती होणे अशक्य. पिढ्यान्‌पिढ्या एकाच घरात राहणारे कूळ व्यवहारतः मालकच झालेले असते, तेव्हा मालकीचा भारही त्यानेच वाहावा. भिंती पाडून, पोटमाळे चढवून आणि मोऱ्या वाढवून इमारतीची हानी त्यानेच केलेली असते. आणि इतके होऊनही घर धोक्याचे वाटत असेल तर त्याने ते खुशाल सोडून जावे, त्याला कोणी बांधून ठेवलेले नाही. या चारही मुद्द्यांत सत्याचा काही अंश आहे, आणि तो मी नाकारणार नाही. परंतु चारही मुद्दे एकत्र केले तरी त्यांतून जो निष्कर्ष काढला जातो, तो निघत नाही, हे मला दाखवावयाचे आहे.

माझे बालपण पुण्यात नदीकाठच्या एका पेठेतील वाड्यात, भाड्याच्या दोन खणांत गेले. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटून आलेले पाणी त्या वाड्यात शिरून ओसरले होते, वाडा उभा राहिला होता, आणि उभा राहिला याचेच सर्वांना इतके समाधान होते की त्याच्या जोत्याखाली काय झाले असेल याचा विचार कोणी केला नव्हता. पुढे काही वर्षांनी आमच्या दाराची कडी कोयंड्यापर्यंत पोहोचेनाशी झाली. वडिलांनी सुताराला बोलावले, त्याने दार उतरवून खालच्या कडेला रंधा मारला, उंबऱ्यावर पडलेल्या ढलप्या आईने बंबासाठी वेचून ठेवल्या आणि दार बसले. पुढल्या वर्षी कडी पुन्हा चुकली, सुतार पुन्हा आला. तिसऱ्या वर्षी दाराच्या चौकटीच्या कोपऱ्यातून छताकडे तिरकी जाणारी एक भेग उमटली, खाली केसाएवढी आणि वर बोट शिरेल एवढी. तेव्हा वडिलांनी एका ओळखीच्या ओव्हरसियरच्या सल्ल्याने त्या भेगेवर काचेची एक पट्टी आडवी ठेवून तिची दोन्ही टोके सिमेंटने चिकटविली आणि शेजारी पेन्सिलीने तारीख लिहिली. पट्टी अखंड राहिली तर भेग जुनी व स्थिर, आणि तडकली तर भिंत अजून चालते आहे, असा त्याचा अर्थ. पट्टी चार महिन्यांत तडकली.

वडिलांनी ती मालकांच्या दिवाणजींना दाखविली. दिवाणजींनी ती काळजीपूर्वक पाहिली, आणि दिवाळीपूर्वी गवंडी पाठवून भेगेत चुना भरून, वर गिलावा करून, सबंध भिंतीला रंग देवविला. काचेची पट्टी आणि वडिलांनी लिहिलेली तारीख, दोन्ही त्या रंगाखाली गेली. त्यानंतर दोन पावसाळ्यांनी कोपऱ्यातील लाकडी खांब आणखी खचला, तेव्हा कोठे जोत्यालगत खणून पाहण्यात आले. वाड्याच्या सामाईक मोरीचा खापरी नळ सांध्यात फुटलेला होता, त्याचे पाणी कित्येक वर्षे जोत्याखाली मुरत होते, पायातील माती धुऊन गेली होती आणि खांबाचा तळखडा चार बोटे खाली उतरला होता. तोपर्यंत ती भिंत राखण्याजोगी उरली नव्हती. ती उतरवावी लागली. रोग पायाला होता आणि रंधा दाराला मारला जात होता. आम्हांला तो रोग दिसत नव्हता असे नाही. पण सामाईक चौकातील फरशी उखडून जोते खणण्याचा अधिकार आम्हांला नव्हता, आणि ज्यांना तो होता त्यांना तो वापरावासा वाटला नाही.

या प्रकरणाचे मर्म मला येथेच दिसते. पाया ही इमारतीतील अशी एकमेव वस्तू आहे की जी कुळाच्या ताब्यात कधीच दिली जात नाही. खिडकीची काच, नळाची तोटी, भिंतीचा रंग यांवर कुळाचा हात पोहोचतो, आणि त्यांची झीज त्याने भरून द्यावी यात गैर काही नाही. परंतु जोत्याखालची माती काळी आहे की मुरमाची, पाया किती हात खोल आहे, शेजारच्या प्लॉटवर तळघरासाठी खड्डा खणताना आपल्या भिंतीला आधार दिला गेला की नाही, आवारातील पिंपळाची मुळे कोठवर गेली आहेत, यांपैकी काहीही भाडेचिठ्ठीवर सही करताना कुळाला ठाऊक नसते आणि सामान्य दक्षतेने त्याला ते कळण्याजोगेही नसते. दख्खनच्या काळ्या मातीचा स्वभाव तर प्रसिद्धच आहे: वैशाखात ती आकसते आणि श्रावणात फुगते, त्यामुळे तिच्यावर उथळ पाया घालून उभारलेल्या घराची भेग उन्हाळ्यात उघडते व पावसाळ्यात मिटते, आणि मिटलेली भेग पाहून घर बरे झाले असा समज होतो. अशा जमिनीत पाया त्या फुगण्या-आकसण्याच्या थराखाली न्यावा लागतो, वा तळाशी फुगीर केलेले खांब खोल रोवावे लागतात. हा निर्णय बांधणारा घेतो, त्याचा लाभ वा तोटा मालमत्तेला चिकटतो, आणि कूळ त्यानंतर येते.

हीच गोष्ट कायद्याने फार पूर्वी ओळखलेली आहे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम १०८ मध्ये कुळाने जागा घेतली तशी परत करावी असे म्हटले आहे खरे, पण वाजवी झीज आणि अनावर नैसर्गिक आपत्ती यांचा अपवाद करूनच. आणि त्याच कलमाच्या आरंभी, ज्या महत्त्वाच्या दोषाची मालकाला माहिती आहे, कुळाला नाही, व जो सामान्य काळजी घेऊनही कुळाला शोधता येणार नाही, तो दोष मालकाने उघड केला पाहिजे असे बंधन घातलेले आहे. पायाच्या दोषाचे याहून अचूक वर्णन मला सुचत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ याच्या कलम १४ ने तर जागा सुस्थितीत ठेवण्याची जबाबदारी स्पष्ट शब्दांत मालकावर टाकली आहे, आणि १९४७ च्या जुन्या मुंबई कायद्यातही ती तशीच होती.

आता पहिला मुद्दा, भाड्याच्या अल्पत्वाचा. यात जे सत्य आहे ते आधी सांगतो. १९४७ च्या कायद्याने प्रमाण भाडे १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधून ठेवले आणि पुढे अर्धशतक ते तेथेच गोठून राहिले, हा मालकांवर अन्याय होता. सर्वोच्च न्यायालयानेही डिसेंबर १९९७ मध्ये त्या तरतुदी काळाच्या ओघात अवाजवी ठरल्याचे म्हटले. अनेक मालक स्वतः सामान्य स्थितीतले होते, वारसांच्या वाटण्यांत एकेका वाड्याचे दहा-बारा हिस्सेदार झाले होते, आणि दुरुस्तीसाठी पैसा कोणी काढावा याचा निर्णय होण्यापूर्वीच वाडा पडत होता. त्यांच्याविषयी मला सहानुभूती आहे. पण अन्याय भाड्याचा असेल तर उपायही भाड्यातच शोधला पाहिजे. नव्या कायद्याने दरसाल ४ टक्के वाढ दिली, सुधारणा व रचनात्मक बदलांच्या खर्चावर आणखी वाढीची वाट ठेवली. मुंबईच्या जुन्या इमारतींसाठी १९६९ च्या कायद्याने दुरुस्ती मंडळ स्थापन झाले आणि १९,६४२ इमारती उपकराच्या कक्षेत आल्या, त्यांपैकी १६,५०२ तर १९४० पूर्वीच्या होत्या. हे उपाय अपुरे आहेत, मंडळाची कामे रेंगाळतात, वाढ अजून तोकडी आहे, असे मालक म्हणत असतील तर मी त्यांच्या बाजूने उभा राहीन. परंतु भाडे कमी म्हणून पाया कुजू द्यावा, हा उपाय नाही. ती शिक्षा आहे, आणि ती ज्याने कायदा केला त्याला न होता जो छताखाली झोपतो त्याला होते.

शिवाय हा युक्तिवाद करणारे मिळकतीचा हिशेब करताना भाड्याच्या रकान्यावर थांबतात. इमारत ज्या भूमीवर उभी आहे तिचे मोल दरसाल वाढत जाते आणि ते सर्वस्वी मालकाच्या खाती जमा होते. पुनर्विकासाच्या वेळी मिळणारे वाढीव चटईक्षेत्र त्याच भूमीच्या जोरावर मिळते. पायाखालच्या जमिनीचे मोल मालकाने घ्यावयाचे आणि त्या जमिनीत गाडलेल्या पायाचा खर्च मात्र कुळाने करावयाचा, ही वाटणी कोणत्याही न्यायाच्या तराजूवर टिकणारी नाही.

आणि अल्प भाडे हेच जर इमारती कोसळण्याचे कारण असेल, तर ज्या इमारतींना भाडे नियंत्रणाचा वाराही लागला नव्हता त्या का कोसळल्या? मुंब्र्याजवळ शीळफाट्याची इमारत ४ एप्रिल २०१३ रोजी पडली आणि ७४ माणसे दगावली. ती जुनी नव्हती, बांधकाम चालू असतानाच तीत माणसे राहावयास आणलेली होती. त्याच वर्षी २७ सप्टेंबरला डॉकयार्ड रोडजवळची बाबू गेनू मंडईची इमारत पडून ६१ जण मृत्यू पावले. ती १९८० च्या सुमारास बांधलेली, मालक खुद्द महानगरपालिका आणि वर राहणारी कुटुंबे तिच्याच कर्मचाऱ्यांची. येथे भाडे गोठलेले नव्हते आणि मालकही निर्धन नव्हता. या दोन्ही ठिकाणी समान होते ते इतकेच, की ज्याच्या हाती बांधकाम व तपासणी होती त्याने ती नीट केली नाही, आणि ज्याच्या हाती काहीच नव्हते तो मेला.

दुसरा मुद्दा कुळाच्या कथित मालकीचा. पागडीच्या घरात राहणारे कूळ जवळजवळ मालक असते, असे म्हणताना ते मालक कशाकशाचे नाही याची मोजदाद केली जात नाही: त्याला जागा गहाण टाकता येत नाही, मजला चढविता येत नाही, नकाशा मंजुरीस देता येत नाही, आणि मालकाच्या लेखी संमतीवाचून पक्के बांधकाम केले तर त्याच कारणावरून त्याला बेदखल करता येते. पागडीची रक्कम घेताना आणि घर हस्तांतरित होताना ठरलेला हिस्सा घेताना जो मालक असतो, तो जोते खचले की एकाएकी केवळ भाडेपावतीवर सही करणारा होतो, हे मला मान्य नाही. मालकी हा ज्या दिवशी लाभ असेल त्या दिवशी स्वीकारण्याचा आणि ज्या दिवशी भार होईल त्या दिवशी परत करण्याचा जिन्नस नाही.

तिसरा मुद्दा कुळांनी केलेल्या फेरफारांचा, आणि तो सर्वांत गंभीर आहे. आधाराची भिंत काढून दोन खोल्यांची एक करणारी, कच्च्या मजल्यावर पाण्याच्या टाक्या चढविणारी कुळे आहेत, आणि त्यांच्या कृत्याची किंमत सबंध इमारत मोजते. अशा माणसाची बाजू मी घेणार नाही, त्याने केलेली हानी त्याच्याकडूनच वसूल झाली पाहिजे. परंतु एकाने पाडलेल्या भिंतीचा दोष उरलेल्या एकोणीस बिऱ्हाडांना लावता येत नाही. घाटकोपरची इमारत २५ जुलै २०१७ रोजी कोसळून १७ माणसे गेली, तेव्हा तळमजल्यावर चाललेल्या फेरफारांत खांबांना हात लावल्याचा आरोप झाला. तो तळमजला कोणा गरीब कुळाच्या ताब्यात नव्हता. फेरफार कूळच करते हे गृहीतच चुकीचे आहे. आणि जेथे कूळ ते करते, तेथे त्याला रोखण्याचे हत्यार कायद्याने मालकाला दिलेले आहे. विनापरवाना बांधकामाविरुद्ध ज्याने कधी हरकत घेतली नाही, दावा लावला नाही, उलट वाढीव जागेबद्दल हातावर रक्कम घेतली, त्याला इमारत पडल्यावर तेच बांधकाम पुराव्यादाखल दाखविण्याचा अधिकार उरत नाही.

चौथा मुद्दा वरवर सर्वांत साधा आणि माझ्या मते सर्वांत निर्दय आहे: पसंत नसेल तर घर सोडा. आता अकरा महिन्यांच्या करारावर राहणाऱ्या लाखो तरुण कुटुंबांना हेच ऐकविले जाते. ते सोडूनही जातात. जाताना भिंत खराब केल्याच्या नावाखाली त्यांच्या अनामत रकमेतून कपात होते, त्या पैशांतून भेगेवर लांबी भरून रंग दिला जातो, आणि पुढील महिन्यात त्याच भिंतीला पलंग टेकवून दुसरे बिऱ्हाड झोपते. ज्याने सोडले तो वाचला, पण धोका जागच्या जागी राहिला आणि वर तो झाकला गेला. अशा अकरा महिन्यांच्या परवान्यावर राहणाऱ्याला भाडे कायद्यातील कुळाचे संरक्षण नाही हे खरे. तथापि १८८२ च्याच सुविधाधिकार अधिनियमाचे कलम ५७ सांगते की जागेतील जो दोष राहणाऱ्याच्या जिवाला वा मालमत्तेला धोका करील आणि जो मालकाला ठाऊक असून राहणाऱ्याला ठाऊक नाही, तो मालकाने सांगितलाच पाहिजे. भेग ठाऊक असून तिच्यावर रंग देणे हे न सांगण्याहूनही अधिक आहे. ते लपविणे आहे.

जुन्या कुळांना तर "सोडा" या सल्ल्याचा दुसराच अर्थ कळतो. दुरुस्ती करावयाची नाही, इमारत अतिधोकादायक ठरेपर्यंत थांबावयाचे, नोटीस लागली की माणसे निघतील आणि जमीन मोकळी होईल, असा हिशेब करणारे मालक सर्वच आहेत असे मी म्हणत नाही. पण तो हिशेब होतच नाही असे म्हणणे सत्याला सोडून होईल. अशांनी हे लक्षात ठेवावे की सांगलीहून गेलेल्या एका प्रकरणात २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने इमारत पाडली गेली एवढ्यानेच कुळाचा हक्क संपत नाही, कारण कुळाचा हक्क भिंतींपुरता नसून खालच्या भूमीशीही जोडलेला असतो, असा निर्वाळा दिलेला आहे.

कोणी म्हणेल, कलम १४ नेच कुळाला मार्ग दिला आहे: पंधरा दिवसांची नोटीस द्यावी, मालकाने दुर्लक्ष केल्यास स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करावा. मार्ग आहे, पण त्याची लांबी मोजून पाहावी. एका वर्षात अशी वळती करावयाची रक्कम त्या वर्षाच्या भाड्याच्या एकचतुर्थांशाहून अधिक असता कामा नये अशी मर्यादा तेथेच आहे. महिना शंभर रुपये भाडे देणाऱ्याला वर्षाकाठी तीनशे रुपये वळते करता येतील, आणि तीनशे रुपयांत आज गवंड्याची एका दिवसाची मजुरीही भागत नाही; मग टेकू देऊन, टप्प्याटप्प्याने खणून, खचलेल्या पायाखाली नवा पाया भरण्याची गोष्टच दूर. अर्थात कायद्याने कुळाच्या हाती दिले आहे ते गळके कौल बदलण्याइतपत सामर्थ्य. पाया सावरण्याचे बळ त्याच्यापाशी असेल अशी अपेक्षा कायद्यानेही केलेली नाही. तो मालकाचा भार आहे, आणि मालक खरोखर असमर्थ असेल तेथे तो समाजाचा, म्हणजे सरकारचा, भार आहे.

तेव्हा माझा उत्तरपक्ष थोडक्यात असा. भाडे वाजवी करा, त्यासाठी कुळांनीही हट्ट सोडावा. मुंबई महानगरपालिकेच्या कायद्यात तीस वर्षांवरील इमारतींची संरचना तपासून घेण्याचे बंधन आहे, ते कागदावर न ठेवता प्रत्येक शहरात अमलात आणा. त्या तपासणीचा अहवाल भाडेकराराला जोडल्याशिवाय कोणतेही जुने घर भाड्याने देऊ नका. आणि भाड्याच्या घरात राहणाऱ्या वाचकाला माझे सांगणे याहून साधे आहे. भाडे थकवू नका, थकलेले भाडे तुमची न्याय्य तक्रारही दुबळी करते. आधाराच्या भिंतीला हात लावू नका. कडी कोयंड्यात बसेनाशी झाली तर सुताराला बोलावण्यापूर्वी जोत्याकडे पाहा. भेगेवर काचेची पट्टी लावा, तिच्याशेजारी तारीख लिहा, तिचे छायाचित्र काढा, मालकाला व पालिकेला लेखी नोटीस देऊन पोच घ्या. आणि पाया उघडून पाहिल्यावाचून कोणालाही त्या भेगेवर गिलावा करू देऊ नका.